पायातल्या फुगलेल्या शिरा : लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी, फेस की ग्लू?

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकलं, की डाळज येतं. जवळच उजनी धरणाचा फुगवटा, आजूबाजूला ऊस. या पट्ट्यातली बहुतेक कामं उभ्यानं करायची आहेत. भिगवणच्या मासळी बाजारात माल उतरवणारा, निवडणारा, तोलणारा माणूस सकाळभर बसत नाही. महामार्गावरच्या ढाब्यात भट्टीपुढे उभा असलेला आचारी, रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारा शेतकरी, हंगामात कोयता घेऊन फडात उतरणारी जोडपी, बारामतीच्या एमआयडीसीत पाळी भरणारा कामगार, या सगळ्यांचा भार पायांवरच असतो.

त्यातल्या अनेकांच्या पोटऱ्यांवर निळसर, वेटोळ्या, फुगलेल्या शिरा दिसतात. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात. ‘उभ्याचं काम आहे, व्हायचंच’ म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. मग घोट्याच्या आतल्या बाजूला खाज सुटते, कातडी काळपट आणि कडक होते आणि एक दिवस तिथे जखम होते. ती महिनोन्‌महिने भरत नाही. तिथवर आलेला माणूस बारामतीला किंवा पुण्याला डॉक्टरकडे जातो, तेव्हा त्याच्यापुढे नावांची यादी येते: लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी, फोम, ग्लू, शिवाय जुनी शस्त्रक्रिया. ‘यातलं चांगलं कोणतं?’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याआधी विचारायचा एक प्रश्न आहे: माझ्या पायात गळती नेमकी कुठे आहे? त्याचं उत्तर मिळालं, की पद्धत ठरवणं बरंच सोपं होतं.

शिर का फुगते

हृदयाकडून पायाकडे येणारं रक्त दाबानं येतं, पण परत जाताना त्याला हृदयापर्यंत चढण चढावी लागते. हे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात आणि खोलवरच्या शिरांमधलं रक्त वर ढकलतात. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठरावीक अंतरावर पातळ पडद्यांच्या झडपा असतात. उजनीवर मोटर बसवलेल्याला हे वेगळं सांगायला नको. फुटव्हॉल्व्ह गळका झाला, की मोटर थांबताच पाइपातलं पाणी धरणात परत जातं. पायातली झडप बिघडली, की रक्ताचंही तसंच होतं.

माणूस स्वस्थ उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण 80 ते 90 मिलिमीटर पारा इतका असतो. निरोगी पायात चालायला लागताच तो 30 च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. झडपा गळक्या असतील तर चालूनही तो पुरेसा उतरत नाही. चढा दाब वर्षानुवर्षं राहिला की शिर ताणते, वेडीवाकडी होते, तिच्यातून पाणी आणि तांबड्या पेशी आजूबाजूला झिरपतात. सूज, काळेपणा, खाज आणि शेवटी जखम हे सगळं त्या दाबाचं फळ आहे. उभ्याच्या कामानं त्रास वाढतो हे खरं, पण अनुवंशिकता, बाळंतपणं, वाढतं वय आणि वजन यांचाही वाटा मोठा असतो. आईवडिलांच्या पायांवर अशा शिरा असतील तर मुलांनी आपले पाय अधूनमधून पाहावेत.

बहुतेक वेळा बिघाड एका लांब शिरेत असतो. ती घोट्याच्या आतल्या बाजूनं, कातडीखालून मांडीवर चढते आणि जांघेत खोल शिरेला मिळते. तिला ग्रेट सॅफेनस म्हणतात. दुसरी लहान सॅफेनस, ती पोटरीच्या मागून गुडघ्यामागे जाते. ‘ही शिर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. पायातलं सुमारे 90 टक्के रक्त खोल शिरांमधून परत जातं. गळकी सॅफेनस रक्त वर नेण्याऐवजी खाली सोडत असते. ती बंद झाली की पायाचा भार हलकाच होतो. मात्र हीच शिर निरोगी असेल तर हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत कामी येते. म्हणून गळती सिद्ध झाल्याशिवाय तिला हात लावू नये.

आधी डॉप्लर

गळती दाखवणारी तपासणी म्हणजे रंगीत डॉप्लर सोनोग्राफी. तिला सुई लागत नाही आणि क्ष-किरणही लागत नाहीत. ती नीट झाली की नाही, हे रुग्णालाही ओळखता येतं. गळती शोधताना रुग्णाला उभं केलं जातं आणि भार दुसऱ्या पायावर घ्यायला सांगितलं जातं. जांघेत जेल लावून यंत्राचा दांडा टेकवला, की पडद्यावर शिरेचं काळं वर्तुळ दिसतं. डॉक्टर दुसऱ्या हातानं पोटरी दाबतात. रक्त वर धावतं आणि वर्तुळ एका रंगानं भरतं. मग हात सोडतात. झडप चांगली असेल तर रंग तिथेच विझतो. गळकी असेल तर दुसरा रंग उमटतो आणि रेंगाळतो, म्हणजे रक्त खाली येत आहे. या शिरेत ते अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं, तर गळती आहे असं धरतात. जांघेपासून घोट्यापर्यंत अशी टप्प्याटप्प्यानं तपासणी होते. गळती शोधण्याचा हा भाग नुसता झोपवून, दोन मिनिटांत उरकला असेल तर तो अपुरा आहे.

अहवालात चार गोष्टी असायला हव्यात: कोणती शिर गळते, गळती कुठे सुरू होऊन कुठे संपते, शिरेची जाडी आणि वळणं किती, आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पूर्वी खोल शिरेत गुठळी होऊन तो मार्गच तुंबला असेल, तर वरच्या शिरा हाच रक्ताचा उरलेला रस्ता असू शकतो. तो बंद केला तर पाय आणखी बिघडतो.

जुनी शस्त्रक्रिया

विसाव्या शतकाचा बहुतांश काळ एकच ठाम उपाय होता. जांघेत छेद घेऊन शिर बांधायची आणि तार घालून मांडीतून ओढून काढायची. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिर बांधण्याची पद्धत रूढ केली. बॅबकॉक यांनी 1907 मध्ये आतून तार घालून शिर ओढण्याची रीत मांडली. ही शस्त्रक्रिया बहुधा पाठीत भूल देऊन होते. मांडी काळीनिळी पडते, जांघेत टाके असतात, कामावर परतायला वेळ लागतो. तरीही ती टाकाऊ ठरलेली नाही. अनुभवी हातांत तिचे निकाल आजही चांगले आहेत. जिथे नवी साधनं नाहीत किंवा त्यांचा खर्च झेपत नाही, तिथे ती योग्य उपाय ठरते.

उष्णतेचे दोन उपाय

1999 च्या सुमारास एक वेगळा विचार पुढे आला. शिर बाहेर काढायचीच कशाला? आतून भाजून मिटवली तर शरीर ती हळूहळू शोषून घेतं. लेसर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी या दोन्ही पद्धती यावर उभ्या आहेत आणि दोन्हींची सुरुवात सारखीच होते. गुडघ्याजवळ सोनोग्राफीत पाहत सुईनं शिर गाठायची, तिच्यातून बारीक नळी वर सरकवायची आणि जांघेतल्या जोडापासून साधारण दोन-अडीच सेंटिमीटर अलीकडे थांबवायची. मग शिरेच्या लांबीभर भुलीचं पातळ केलेलं औषध सलाइनमधून टोचत जायचं. हे पाणी तीन कामं करतं. दुखणं थांबवतं, शिर नळीवर आवळतं आणि आजूबाजूची कातडी व मज्जातंतू यांना उष्णतेपासून दूर ठेवतं. रुग्ण जागा असतो. त्याला खरा त्रास होतो तो या टोचण्यांचा. पुढचं भाजणं सहसा जाणवत नाही.

इथून वाटा वेगळ्या होतात. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या नळीच्या टोकाला सात सेंटिमीटरचा तापणारा भाग असतो. तो 120 अंश सेल्सिअसला 20 सेकंद तापतो, मग नळी पुढच्या टप्प्यावर खाली ओढली जाते. तापमान यंत्रच राखतं, त्यामुळे प्रत्येक टप्पा सारखा भाजला जातो. लेसरमध्ये काचेच्या तंतूतून प्रकाश सोडून तंतू सावकाश मागे ओढतात. किती शक्तीनं आणि किती वेगानं, हे डॉक्टरच्या हातात असतं. सुरुवातीचे 810 किंवा 980 नॅनोमीटरचे लेसर मुख्यतः रक्तातल्या हिमोग्लोबिनवर काम करत. तंतूचं टोक उघडं असल्यानं शिरेला भोकं पडत आणि नंतर पाय बराच दुखत असे. आज सर्रास वापरला जाणारा 1470 नॅनोमीटरचा लेसर शिरेच्या भिंतीतल्या पाण्यात शोषला जातो, आणि चहूबाजूंनी प्रकाश सोडणाऱ्या तंतूमुळे दुखणं कमी झालं आहे.

धोके दोन्हींत सारखेच. गुडघ्याखाली सॅफेनसला खेटून संवेदनेचा मज्जातंतू जातो, तिथे उष्णता दिली तर बधिरपणा राहू शकतो. कातडी क्वचित भाजते. काही थोड्यांना जोडापाशी गुठळी सरकते, म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांत पुन्हा डॉप्लर करावा.

एक गोष्ट पुष्कळांना आधी सांगितली जात नाही. मुख्य शिर मिटली तरी पोटरीवरच्या गाठी त्याच दिवशी जात नाहीत. काही आपोआप बसतात. उरलेल्या गाठी दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून आकड्यानं काढतात किंवा त्यांत औषध टोचतात.

फेस

फोम उपचारात भाजणं नाही आणि मोठी साधनंही नाहीत. पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतं आणि शिर मिटते. नुसतं द्रव टोचलं तर रक्तात मिसळून ते लगेच पातळ होतं. इटलीतले टेसारी यांनी 2000 मध्ये मांडलेली युक्ती साधी होती. दोन सिरिंज तीन तोंडांच्या तोटीला जोडायच्या, एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा. दांडे आळीपाळीनं वीसएक वेळा दाबले, की दाट पांढरा फेस तयार होतो. तो काही मिनिटांतच पातळ व्हायला लागतो, म्हणून तयार झाल्या झाल्या सोनोग्राफीत पाहत टोचायचा. फेस रक्ताला पुढे सारतो आणि शिरेच्या भिंतीला भिडतो.

भूल लागत नाही, खर्च सर्वांत कमी, वेड्यावाकड्या शिरांतही तो पोचतो आणि पुन्हा करता येतो. जखमेच्या भोवतीच्या शिरांसाठी आणि वयस्कर, नाजूक प्रकृतीच्या रुग्णांसाठी तो मोठा आधार आहे. उणी बाजू अशी की जाड शिर काही महिन्यांत पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त असते. कातडीवर तपकिरी पट्टे बरेच दिवस राहतात. शंभरात एखाद्या-दुसऱ्याला थोडा वेळ डोळ्यांपुढे चमचम होते. हृदयातल्या जन्मजात छिद्राची किंवा अर्धशिशीची माहिती असेल तर आधीच सांगावी.

ग्लू

चौथा उपाय सायनोॲक्रिलेटचा. घरात तुटलेली वस्तू चिकटवायला आणतो, त्याच रासायनिक कुळातला हा चिकट पदार्थ आहे, पण शरीरासाठी वेगळा बनवलेला. जोडापासून सुमारे पाच सेंटिमीटर अलीकडे नळी थांबवून 0.1 मिलिलिटरचे थेंब सोडायचे आणि वरून दाबून धरायचं. शिरेच्या भिंती चिकटतात. मांडीभर टोचण्या नाहीत, उष्णता नाही, त्यामुळे मज्जातंतूला भाजण्याचा धोका नाही आणि दाबाचे मोजे घालण्याची सक्तीही बहुधा नसते. अमेरिकेत 2015 मध्ये याला मान्यता मिळाली. मात्र हा पदार्थ दीर्घकाळ अंगात राहतो. काहींना शिरेवर लाल, खाजरी सूज येते, क्वचित गाठ होते. चिकट पदार्थांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तो टाळावा. खर्चात हा बहुधा सर्वांत वर असतो.

तुलना काय सांगते

डेन्मार्कमध्ये 500 रुग्णांना चिठ्ठ्या टाकून चार गटांत विभागलं गेलं: लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी, फेस आणि जुनी शस्त्रक्रिया. 2011 मध्ये निकाल आले. वर्षभरानंतर शिर पुन्हा उघडी सापडण्याचं प्रमाण फेसात सुमारे 16 टक्के होतं, लेसरमध्ये सुमारे 6, तर रेडिओफ्रिक्वेन्सी व शस्त्रक्रियेत सुमारे 5. दुखणं रेडिओफ्रिक्वेन्सी आणि फेस या दोन गटांत कमी होतं. कामावर परतायला या दोन गटांना साधारण तीन दिवस लागले, शस्त्रक्रियेच्या गटाला चारहून थोडे अधिक. हा फरक इतका लहान दिसतो याचं कारण तिथे जुनी शस्त्रक्रियाही जागेवर भूल देऊन केली गेली होती. आपल्याकडे पाठीत भूल देऊन ती केली तर फरक वाढतो.

ब्रिटनमध्ये 798 रुग्णांवर फेस, लेसर आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतरचे निकाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. पायाच्या त्रासाच्या मोजणीत लेसर आणि शस्त्रक्रियेचे रुग्ण फेसवाल्यांपेक्षा पुढे होते. ग्लूची रेडिओफ्रिक्वेन्सीशी तुलना अमेरिकेत झाली. तीन महिन्यांनी दोन्हींत शिर मिटण्याचं प्रमाण 95 टक्क्यांहून जास्त होतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2013 मध्ये क्रम लावून दिला: आधी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते शक्य नसेल तर फेस, तेही शक्य नसेल तर शस्त्रक्रिया.

या सगळ्यातून माझा निष्कर्ष असा. सरळ, जाड, गळक्या सॅफेनससाठी उष्णतेचे दोन्ही उपाय सारखेच भरवशाचे आहेत. ‘लेसर’ हा शब्द पाटीवर शोभतो म्हणून रेडिओफ्रिक्वेन्सीला कमी लेखू नये. ज्या डॉक्टरचा हात ज्या यंत्रावर बसला आहे, त्याच्याकडून ते करून घ्यावं. फेस हा वेड्यावाकड्या, परत उद्भवलेल्या आणि जखमेजवळच्या शिरांसाठी उत्तम जोड-उपाय आहे. मुख्य उपाय म्हणून तो घ्यायचा तर पुन्हा टोचायची तयारी ठेवावी. ग्लू चांगला आहे, पण त्याच्यासाठी कर्ज काढावं इतका फरक त्यानं पडत नाही.

डाळजहून निघण्यापूर्वी

हातावर पोट असलेल्यासाठी बुडालेले दिवस हासुद्धा खर्चच. म्हणून उपचाराचा हिशोब करताना औषधाच्या बिलात बुडणारी मजुरी आणि पुन्हा तपासणीच्या खेपा मिळवाव्यात. सर्वांत स्वस्त फेस तीनदा टोचावा लागला तर तो स्वस्त राहत नाही. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पहिला सल्ला तिथे घेता येईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपल्या अहवालानुसार कोणता उपचार योजनेत बसतो, हे त्याला दाखल होण्याआधी विचारावं. लेसरचा तंतू आणि रेडिओफ्रिक्वेन्सीची नळी एकदाच वापरायची असते, म्हणून बिलावर तिची नोंद मागावी. त्रास एकाच पायाला असेल, तर दुसऱ्या पायाचा उपचार कशासाठी, हेही विचारावं.

उपचारानंतर त्याच दिवशी चालायचं असतं. अंथरुणावर पडून राहिल्यानं गुठळीचा धोका वाढतो. सांगितले असतील तेवढे दिवस दाबाचे मोजे घालावेत. इकडच्या मे महिन्यात ते नकोसे होतात, म्हणून ठरवून करायचा उपचार थंडीत घेतला तर बरं. मधुमेह असेल किंवा पावलाच्या नाड्या क्षीण असतील तर तपासल्याशिवाय घट्ट मोजे घालू नयेत. गरोदरपणात उमटलेल्या शिरा बाळंतपणानंतर पुष्कळदा ओसरतात, तोवर शिर मिटवण्याची घाई नको. जळू लावून किंवा रक्त काढून तात्पुरतं हलकं वाटेल, पण गळकी झडप त्यानं दुरुस्त होत नाही.

फुगलेली शिर खरचटून फुटली, तर रक्त धारेनं वाहतं आणि माणूस घाबरतो. अशा वेळी लगेच आडवं झोपवावं, पाय हृदयापेक्षा उंच धरावा आणि फुटलेल्या जागी स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबावं. मांडीला दोरी आवळू नये, त्यानं रक्त वाढतं. रक्त थांबलं तरी दवाखाना गाठावा.

आणि जखम झालीच असेल तर थांबू नये. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात 450 रुग्ण होते. दाबाच्या पट्ट्यांबरोबरच लगेच शिर मिटवलेल्यांची जखम भरायला साधारण 56 दिवस लागले, नंतर मिटवू म्हणून थांबलेल्यांना 82. त्याआधी 2004 मधल्या अभ्यासात नुसत्या पट्ट्यांवर बऱ्या झालेल्यांपैकी 28 टक्क्यांची जखम वर्षाच्या आत परतली, शिरेचीही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 12 टक्क्यांची. मलम बदलत वर्ष घालवणं हाच यातला सर्वांत महाग उपचार आहे. घोट्याजवळची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर पुढचं मलम आणण्याआधी पायाचा डॉप्लर करून घ्या.